शंभर वॅटचा स्पीकर, पण कोणते शंभर?

हिंगोली, वसमत, कळमनुरी असो की सेनगाव, घरात गाणी ऐकण्यासाठी बॉक्स आणि अ‍ॅम्प्लिफायर वेगवेगळे घ्यायला निघालेल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: शंभर वॅटच्या स्पीकरला अ‍ॅम्प किती वॅटचा लावायचा? उत्तर मात्र ज्याला विचारावं त्याप्रमाणे बदलतं. दुकानदार म्हणतो, शंभराला शंभर. लग्नात साउंड लावणारा म्हणतो, अ‍ॅम्प दुप्पट पाहिजे, नाहीतर बॉक्स उडतो. जुन्या वळणाचा शौकीन म्हणतो, अ‍ॅम्प कमीच ठेवा, म्हणजे कॉइल जळायची भीती नाही. आणि अ‍ॅम्प स्वतः जोडून देणारा मेकॅनिक वॅटचं नाव फारसं काढतच नाही. तो विचारतो, ट्रान्सफॉर्मर कुठला टाकू? ही चारही माणसं आपापल्या अनुभवावर बोलतात आणि प्रत्येकाचं म्हणणं कुठल्या ना कुठल्या परिस्थितीत खरं ठरतं. गोंधळ होतो तो चौघेही एकाच शब्दाने चार वेगळ्या गोष्टी मोजतात म्हणून. या प्रश्नाचा सगळा पसारा नीट पाहिला तर माझं मत असं बनतं की स्पीकरचा वॅट आणि अ‍ॅम्पचा वॅट एकमेकांशी जुळवायचे नसतातच. जुळवायचा असतो तो ओहम, म्हणजे स्पीकर विजेला करतो तो विरोध. वॅट किती हवेत हे खोली, बसण्याचं अंतर आणि स्पीकरची संवेदनशीलता ठरवते, आणि तो हिशेब सगळ्यात शेवटी करायचा असतो. चौघांपैकी या मताच्या सर्वांत जवळ मेकॅनिक आहे, हे पुढे दिसेलच.

आधी स्पीकरवर छापलेला आकडा म्हणजे काय ते पाहू. घरगुती स्पीकरला दिलेल्या विजेपैकी एक टक्काही आवाजात उतरत नाही. बाकी सगळी व्हॉइस कॉइलमध्ये उष्णता होऊन जाते. म्हणजे स्पीकरचा वॅट हा मुळात आवाजाचा आकडा नाही, उष्णता सोसण्याचा आहे. अमेरिकेतल्या ऑडिओ इंजिनीअरिंग सोसायटीच्या १९८४ च्या पद्धतीत स्पीकरला दोन तास विशिष्ट गोंगाटाचा सिग्नल देतात आणि त्यानंतर तो कायमचा बिघडला नसेल तर ती ताकद मान्य करतात. आंतरराष्ट्रीय आयईसी मानकातल्या चाचण्यांचं तत्त्वही असंच, फक्त सिग्नल आणि वेळ वेगळी. पुलाच्या तोंडाशी वजनमर्यादेची पाटी असते, तसा हा आकडा. पुलावर वीस टन लिहिलंय म्हणून वीस टनांचाच ट्रक आणला पाहिजे असं कोणी म्हणत नाही, मग शंभर वॅटच्या स्पीकरला शंभर वॅट दिलेच पाहिजेत हा आग्रह कुठून येतो? शिवाय ही मर्यादा एकच नाही. उष्णतेची एक, आणि पडदा किती पुढेमागे हलू शकतो याची दुसरी. खोल बेसमध्ये पडदा फार लांब हलावा लागतो, आणि बॉक्सचं आकारमान चुकलं तर ही दुसरी मर्यादा पहिलीच्या कितीतरी आधी गाठली जाते. बाजारातून वूफर आणून सुताराकडून अंदाजाने बॉक्स करून घेण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. अशा बॉक्समध्ये शंभर वॅटचा म्हणून घेतलेला वूफर तीस वॅटलाच ठकठक आवाज करू लागला तर दोष वूफरवरच्या आकड्याचाही नाही आणि अ‍ॅम्पचाही नाही. प्लायवूड किती घनफूट हवेला वेढतं हा तिथला खरा प्रश्न असतो.

अ‍ॅम्पवरचा आकडा याहून घसरडा. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनला १९७४ मध्ये घरगुती अ‍ॅम्पच्या जाहिरातीतल्या वॅटवर नियम आणावा लागला, कारण कंपन्या मनाला येईल तो आकडा छापत होत्या. ५० वर्षांनी, २०२४ मध्ये, तोच नियम पुन्हा घट्ट करावा लागला: ८ ओहमचा लोड, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ पूर्ण पट्टा आणि एक टक्क्याहून कमी विकृती, या अटी सांभाळून निघेल तोच वॅट. आपल्याकडे २०१२ च्या सक्तीच्या नोंदणीच्या आदेशाने काही ध्वनियंत्रं भारतीय मानक ब्यूरोच्या कक्षेत आली, पण ती आग आणि विजेच्या धक्क्यापासूनच्या सुरक्षिततेसाठी. त्यातही अ‍ॅम्प्लिफायर धरले गेले ते २००० वॅट आणि त्यावरच्या इनपुटचे. घरातल्या लहान अ‍ॅम्पच्या खोक्यावर ‘५००० वॅट पीएमपीओ’ असं झोकात छापायला मोकळीक राहिली, आणि पीएमपीओ या अक्षरांना कुठल्याही मानकात व्याख्या नाही. हिंगोली जिल्ह्यातच, औंढा नागनाथ तालुक्यात, गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया वेधशाळा उभी राहते आहे. तिच्यात एकही आकडा तो कसा मोजला हे सांगितल्याशिवाय मांडता येणार नाही. खोक्यावरच्या वॅटला तेवढी शिस्त कोण लावणार? पण ग्राहकाला स्वतःची चाळणी लावता येते. अ‍ॅम्पच्या पाठीवरच्या पत्र्यावर तो विजेच्या बोर्डातून किती वॅट घेतो ते बहुधा लिहिलेलं असतं. ६० वॅट घेणारं यंत्र सतत ६० च्या वर देऊ शकत नाही. प्रत्यक्षात निम्म्याच्या आसपास आलं तरी पुष्कळ. १२ व्होल्ट २ अँपिअरच्या अ‍ॅडॅप्टरवर चालणारा छोटा बोर्ड कितीही वॅटचा म्हणून विकला तरी त्याच्यात शिरतात २४ वॅट. स्वस्त संचांतून वर्षानुवर्षं दिसलेली टीडीए २०३० ही आयसी घ्या. तिच्या निर्मात्याची हमी ४ ओहमला १२ आणि ८ ओहमला ८ वॅटची आहे. ती घातलेल्या डब्यावर तीन आकडी वॅट दिसला तर तो आकडा वाचायचा नसतो.

म्हणूनच मेकॅनिकचा प्रश्न मला सर्वांत प्रामाणिक वाटतो. ‘चोवीस-शून्य-चोवीस, पाच अँपिअर’ असं तो म्हणतो तेव्हा खरं तर त्याने वॅट सांगून टाकलेले असतात. २४ व्होल्ट एसी गाळून डीसी झाली की साधारण ३४ व्होल्ट होते. ट्रान्झिस्टरमधली आणि लोडखालची घट वजा करून स्पीकरपर्यंत ३० व्होल्टची शिखरं पोचली असं धरलं, तर ८ ओहममध्ये सुमारे ५६ वॅट बसतात. ४ ओहमला याच व्होल्टेजवर दुप्पट बसले असते, पण ट्रान्सफॉर्मरचे अँपिअर तिथे आडवे येतात. या गणितात जाहिरातीला जागाच नाही. ट्रान्सफॉर्मरचं वजनसुद्धा खोटं बोलत नाही. जुने लोक अ‍ॅम्प हातात उचलून पाहत, ती रीत अडाणीपणाची नव्हती. जड ट्रान्सफॉर्मर नसलेल्या, हल्लीच्या स्विचिंग सप्लायच्या क्लास डी यंत्रांना वजनाची ती कसोटी लागू पडत नाही, एवढं ध्यानात ठेवलं म्हणजे झालं.

आता आवाज. वॅट म्हणजे आवाज हा समज खोडून काढायला गावातल्या मंदिरावरचा भोंगा पुरेसा आहे. त्याच्या युनिटला ३०-४० वॅट मिळतात आणि काकडआरती शिवेपर्यंत ऐकू जाते. तेवढेच वॅट घरातल्या बॉक्सला दिले तर अंगणापलीकडे शब्द समजणार नाहीत. कारण एक वॅट दिल्यावर एक मीटरवर किती डेसिबल मिळतात, म्हणजे संवेदनशीलता, ही दोघांची अगदी वेगळी असते. घरगुती बॉक्स ८७च्या आसपास, तर भोंग्याचं युनिट १०५ किंवा त्याच्याही वर जातं. दर ३ डेसिबलला वॅट दुप्पट लागतात आणि दर १० डेसिबलला दसपट. २० डेसिबलचा फरक म्हणजे शंभरपट. भोंग्यातला एक वॅट घरगुती बॉक्समधल्या शंभर वॅटना भारी पडतो तो असा. परदेशातल्या नावाजलेल्या घरगुती स्पीकरांतही हाच पसारा सापडतो. पॉल क्लिप्श यांचा १९४० च्या दशकातला कोपऱ्यात ठेवायचा क्लिप्शहॉर्न १०४ च्या आसपास, तर बीबीसीने १९७० च्या दशकात फिरत्या प्रक्षेपणाच्या गाड्यांसाठी बनवलेला इवलासा एलएस३/५ए ८२-८३ चा; दोघांनाही ‘चांगला अ‍ॅम्प’ लागतो असं म्हणून भागत नाही, कारण पहिल्याला जिथे एक वॅट पुरतो तिथे दुसऱ्याला शंभराहून अधिक लागतात. १९५४ साली लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये व्हार्फडेल या स्पीकर कंपनीचे गिल्बर्ट ब्रिग्ज यांनी प्रत्यक्ष वादन आणि त्याचं ध्वनिमुद्रण यांची तुलना प्रेक्षकांना ऐकवली. सभागृह जवळपास तीन हजार खुर्च्यांचं, आणि अ‍ॅम्प पीटर वॉकर यांचे, पंधरा-पंधरा वॅटचे क्वाड.

हाच हिशेब हिंगोलीतल्या दहा बाय बारा फुटांच्या स्लॅबच्या खोलीत करू. बॉक्स ८७ डेसिबलचे, ऐकणारा तीन मीटरवर. अंतराने आवाज घटतो, भिंती थोडा परत करतात, दोन बॉक्स मिळून आणखी भर पडते. सगळं धरून प्रत्येक बॉक्सला एक वॅट दिला तर कानाशी साधारण ८५ डेसिबल येतात. घरातल्या माणसांना एकमेकांशी बोलता येईल, तरी गाणं भरून वाटेल अशी पातळी ७५ ची. तिला लागतो वॅटचा दहावा भाग. होय, एकदशांश वॅट. मात्र संगीत सपाट नसतं. पखवाजाची थाप, हलगीचा कडाका, तबल्यातला ‘धा’ हे सरासरीच्या १५-२० डेसिबल वर उसळतात. ७५ वर २० म्हणजे ९५, आणि त्याला लागतात १० वॅट, तेही क्षणभर. सरासरी एकदशांश आणि शिखर १०, या दरीतच अ‍ॅम्पच्या वॅटचं सगळं प्रयोजन आहे. कोणी सरासरीच ८५ वर नेली, म्हणजे शेजारची खोली दणाणेल असं ऐकलं, तर शिखरांना १०० वॅट हवेत. घरासाठी ‘खरे’ २५ ते ५० वॅट पुरेसे असतात असं म्हणतात ते इथून येतं. ५० च्या जागी १०० घेतल्याने मिळतात फक्त ३ डेसिबल, जे कानाला ‘थोडं वाढलं’ एवढंच वाटतं. ९० डेसिबलचा बॉक्स निवडला तर हेच ३ डेसिबल अ‍ॅम्पवर एक रुपयाही जास्त न घालता मिळतात. खरेदीला गेलेला माणूस स्पीकरची संवेदनशीलता विचारत नाही, फक्त वॅट विचारतो, आणि चूक इथूनच सुरू होते.

मग वॅटला वॅट जुळवायची सवय लागली कशी? माझा तर्क असा की ती मंडपातून आणि मंदिरातून घरात आली. अहुजासारख्या कंपन्यांच्या सभा-समारंभाच्या अ‍ॅम्पला शंभर व्होल्टची लाइन असते. तारा लांबवर न्यायच्या असल्याने व्होल्टेज चढवून पाठवतात आणि प्रत्येक भोंग्याच्या तोंडाशी ट्रान्सफॉर्मर बसवतात. त्या ट्रान्सफॉर्मरची तार १५ वॅटच्या टॅपवर जोडली की तो भोंगा १५ वॅटच ओढतो. अशा जोडणीत वॅट खरोखर बेरजेचे असतात: ६० वॅटच्या अ‍ॅम्पवर १५ चे चार भोंगे बसतात, पाचवा बसत नाही. हरिपाठ, सप्ताह, ग्रामसभा यांच्यासाठी साउंड लावणाऱ्या पिढ्यांचा हात या हिशेबावर बसलेला आहे आणि तिथे तो शंभर टक्के बरोबर आहे. घरातल्या अ‍ॅम्पला ही लाइन नसते. तिथे स्पीकर किती वॅट ओढणार हे त्याच्यावर छापलेला आकडा ठरवत नाही, तर व्हॉल्यूम आणि ओहम ठरवतात. पण गावात आवाजाबद्दलचा जाणकार म्हणून ज्याच्याकडे पाहिलं जातं तो मंडपवालाच असतो, आणि त्याचा नियम न तपासता घरात येतो.

ओहमच्या बाबतीत मात्र जुळवाजुळव टाळता येत नाही. २० व्होल्ट देणारा अ‍ॅम्प ८ ओहममध्ये अडीच अँपिअर आणि ५० वॅट देतो; ४ ओहममध्ये त्याच्याकडे ५ अँपिअर आणि १०० वॅट मागितले जातात. पाठीमागे ‘कमीत कमी ८ ओहम’ लिहिलेल्या अ‍ॅम्पला हे झेपत नाही. हॉलमध्ये दोन बॉक्स होते, आता अंगणात आणि स्वयंपाकघरात एकेक हवा, म्हणून त्याच पिनांवर पॅरलल जोडणी होते. ८ चे ४, ४ चे २, आणि मग हीट सिंक इतकं तापतं की हात लावता येत नाही. इथे चारही बॉक्सच्या वॅटची बेरीज अ‍ॅम्पपेक्षा कमी असो वा जास्त, तिचा काही उपयोग नसतो. वायरिंगचाही हिशेब यातच येतो. अर्ध्या चौरस मिलिमीटरची साधी वायर १५ मीटर नेली तर जाऊनयेऊन सुमारे एक ओहम तिचाच होतो. ८ ओहमच्या स्पीकरला तेवढ्याने एक डेसिबल कमी मिळतो, ४ ओहमच्याला दोन. म्हणजे ४ ओहमला अ‍ॅम्पच्या शंभरातले सुमारे ३६ वॅट हिशेबातून गळून पडतात.

वीज आणि ऊन हे दोन मुद्दे परदेशी मार्गदर्शिकांमध्ये फारसे येत नाहीत, पण मराठवाड्यात ते टाळून चालत नाही. गावाच्या टोकाच्या घरात संध्याकाळी, सगळ्यांचे दिवे-पंखे सुरू झाल्यावर, २३० ऐवजी १८० व्होल्ट येणं ही काही अपूर्वाई नाही. साध्या ट्रान्सफॉर्मरचा अ‍ॅम्प हे जसंच्या तसं पुढे पोचवतो, आणि वॅट व्होल्टेजच्या वर्गाने घटतात: १८० भागिले २३० चा वर्ग साधारण ०.६१. सकाळी १०० वॅट देणारं यंत्र रात्री ६१ वर आलेलं असतं. आवाज त्या मानाने थोडाच कमी होतो, २ डेसिबल. पण सकाळी ज्या व्हॉल्यूमला गाणं स्वच्छ होतं तिथे रात्री आवाज फाटायला लागतो आणि दोष बिचाऱ्या स्पीकरला दिला जातो. मे महिन्यात पारा ४३ वर असतो. पॉवर ट्रान्झिस्टर आतून १५० अंशांपर्यंत सोसतो असं धरलं तर २५ अंशांच्या थंड खोलीत त्याच्याकडे १२५ अंशांची सवड असते आणि आपल्याकडे १०७ची, म्हणजे जवळपास सातवा भाग उन्हानेच खाल्ला. त्यात अ‍ॅम्प शोकेसच्या काचेआड कोंबलेला. नेहमीच्या क्लास एबी अ‍ॅम्पचं हीट सिंक पूर्ण व्हॉल्यूमला नव्हे तर मधल्या पातळीवर सर्वांत जास्त तापतं, हे लक्षात घेतलं की ‘मी तर अर्ध्यावरच ठेवतो’ या समाधानात फार अर्थ उरत नाही. स्पीकरच्या आतही तीच कथा. कॉइलचं तांबं दर अंशाला सुमारे ०.४ टक्के अधिक विरोध करतं. कॉइल १५० अंशांनी तापली की विरोध दीडपटीच्या वर जातो आणि आवाज काही डेसिबल खाली बसतो. तासभर जोरात वाजवल्यावर ‘सिस्टीम थकली’ असं वाटतं, ते खरंच असतं. माणूस मग व्हॉल्यूम आणखी वाढवतो.

या सगळ्यावर साउंडवाल्याचा ठाम आक्षेप असतो: कमी वॅटचा अ‍ॅम्पच स्पीकर जाळतो, मोठा नाही. या आक्षेपाला पुरावा आहे, म्हणून तो झटकून टाकता येत नाही. अ‍ॅम्पची हद्द संपली की लहरींची शेंडी कापली जाते, आवाज फाटतो. लहर पूर्ण चौकोनी झाली तर ५० वॅटचा अ‍ॅम्प प्रत्यक्षात १०० वॅट देतो, कारण त्याच उंचीच्या चौकोनी लहरीत साध्या लहरीच्या दुप्पट ऊर्जा असते. शिवाय बेस आधी कापला जातो आणि व्हॉल्यूम वाढवत नेलं तर ट्रेबल मात्र वाढत राहतो. कापलेल्या कडांमधून निघणाऱ्या नव्या उच्च कंपनांची त्यात भर. ‘शंभर वॅटच्या’ बॉक्समधला ट्वीटर, म्हणजे ट्रेबल वाजवणारा छोटा स्पीकर, एकटा फार तर ५-१० वॅट सोसणारा असतो, कारण सर्वसाधारण संगीतात ट्रेबलचा वाटा लहान असतो या भरवशावर बॉक्सचा आकडा ठरवलेला असतो. तो भरवसा मोडला की आधी ट्वीटर जातो. दुरुस्तीच्या टेबलावर वूफरपेक्षा ट्वीटर जास्त येतात ते बहुतांशी यामुळेच. इथे एक देशी पुरवणी जोडायला हवी. वारकरी भजनात टाळ अखंड वाजतात आणि त्यांची ऊर्जा काही किलोहर्ट्झच्या वरच्या पट्ट्यातच एकवटलेली असते. चाचणीच्या सिग्नलमध्ये ट्रेबलचा जो वाटा धरलेला असतो त्याहून टाळांचं भजन ट्वीटरकडून अधिक मागतं. त्यात कोणी ट्रेबलची कळ पूर्ण उजवीकडे फिरवून ठेवली असेल तर न फाटलेल्या आवाजातही ट्वीटरला घाम फुटावा.

तरीही ‘कमी वॅटने स्पीकर जळतो’ हे वाक्य कारण आणि निमित्त यांची सरमिसळ करतं. स्पीकरला आपल्याला वीज कमी मिळते आहे याचा पत्ता नसतो. त्याला कळते फक्त एकूण उष्णता. २० वॅटचा अ‍ॅम्प ८० वॅटच्या खऱ्या स्पीकरवर कितीही फाडला तरी ४० च्या पुढे जात नाही. वूफर त्याला हसेल, ट्वीटरने मात्र सांभाळावं. आणि फाटणाऱ्या अ‍ॅम्पवर आवाज वाढवत राहणारा हात मोठ्या अ‍ॅम्पवर थांबेल याची काय खात्री? तो तिथेही फाटेपर्यंतच जाईल, फक्त तोवर कॉइलमध्ये दुप्पट-तिप्पट वीज गेलेली असेल. स्पीकर जळण्याचं मूळ कारण दोन्हीकडे एकच: त्या खोलीत, त्या बॉक्सकडून, तो देऊ शकत नाही इतका आवाज मागितला जाणं. त्यावर उपाय जास्त संवेदनशील किंवा आणखी दोन बॉक्स हा आहे. वॅटची निवड हा नंतरचा भाग.

दुप्पट वॅटचा नियमही हवेतून आलेला नाही. ऑडिओ इंजिनीअरिंग सोसायटीच्या चाचणीतल्या गोंगाटाची शिखरं सरासरीच्या चौपट ताकदीची असतात. १०० वॅटला उत्तीर्ण झालेल्या स्पीकरने ४०० वॅटची शिखरं सोसलेली असतात, आणि साध्या लहरीवर २०० वॅट मोजलेल्या अ‍ॅम्पची शिखरंही बरोबर ४०० ची. मोठ्या कार्यक्रमांना हे गणित योग्य आहे, कारण तिथे स्पीकरचा आकडा मोजलेला असतो, मध्ये हद्दीबाहेरची शिखरं रोखणारा लिमिटर असतो आणि मिक्सरवर कोणीतरी कान देऊन बसलेलं असतं. दसऱ्याच्या प्रदर्शनातून आणलेल्या, खोक्यावर भलता वॅट छापलेल्या बॉक्सला यांपैकी काहीही नसतं. मुळात ३० वॅटच्या मालावर १५० छापलेत आणि त्याच्या दुप्पट म्हणून ३०० चा अ‍ॅम्प आणलात, तर तो नियम नव्हे, दुकानदाराच्या थापेला केलेला गुणाकार आहे. दुप्पटीचा आग्रह धरणाऱ्याने आधी स्पीकरचा आकडा कुठल्या चाचणीचा ते दाखवावं. दाखवता आला तर त्याचं म्हणणं मान्य.

उरतो तो नाचगाण्याच्या हौसेचा मुद्दा: लोकांना ७५ डेसिबल नकोच आहेत, त्यांना छातीत धडकणारा बेस हवा आहे, त्यांना १० वॅटचं गणित काय सांगता? हौस खरी आहे. पण तिची सीमा वॅटच्या आधी भिंतीला लागते. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबल आहे, आणि घरच्या यंत्राचा आवाज आपल्या हद्दीवर या मर्यादेच्या ५ डेसिबलपेक्षा वर जाऊ नये असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. सामाईक भिंतींच्या गल्लीत किंवा पत्र्याच्या छपराखाली १०० खरे वॅट कुठे उघडायचे? पत्रा तर स्वतःच झणझणू लागतो आणि बेसच्या नावाखाली ऐकू येतो तो पत्राच. तरीही ज्याला बेसच हवा आहे त्याने सगळ्या बॉक्सना मोठा अ‍ॅम्प लावण्याऐवजी स्वतःचा अ‍ॅम्प असलेला एक सबवूफर घ्यावा. जास्त वॅट खरोखर खोल बेसलाच लागतात, आणि तो भार वेगळा काढला की मुख्य बॉक्स अल्प वॅटमध्ये मोकळेपणाने गातात, ट्वीटरही वाचतो.

गंमत अशी की साउंडबार आणि ब्लूटूथ डब्यांनी हा प्रश्नच ग्राहकाच्या हातातून काढून घेतला आहे. अ‍ॅम्प आणि स्पीकर एकाच पेटीत, कारखान्यात एकमेकांसाठी बसवलेले, मध्ये लिमिटर. जुळवायला काही उरलेलंच नाही. नव्या खरेदीदाराला ही सोय उत्तम आहे आणि पाच-दहा हजारांत सुट्या भागांनी याहून बरं काही जमवणं सोपं नाही, हेही मान्य करायला हवं. अडचण येते ती हमीचा काळ सरल्यावर. वीज चमकून किंवा व्होल्टेज चढून आतला बोर्ड गेला, कंपनीचा सुटा भाग नांदेडातही मिळेना, की तीच पेटी मेकॅनिकच्या टेबलावर येते आणि तिच्यात बाजारातला दुसरा अ‍ॅम्प बोर्ड बसवायचा म्हणजे सगळा प्रश्न पहिल्यापासून उभा राहतो, या वेळी स्पीकरच्या पाठीवर एकही आकडा नसताना. अशा वेळी वॅटचा अंदाज करत बसण्यापेक्षा मल्टिमीटर कॉइलवर लावावा. ६ ते ७ ओहम दाखवले तर स्पीकर ८ चा, साडेतीनच्या आसपास दाखवले तर ४ चा. मूळ बोर्डाचा सप्लाय किती व्होल्टचा होता ते पाहून त्याच्यापेक्षा जास्त व्होल्टचा बोर्ड टाकू नये, कारण आतल्या छोट्या स्पीकरना वाचवणारा लिमिटर जुन्या बोर्डाबरोबरच गेलेला असतो. आणि ट्वीटरच्या आधीचा कॅपॅसिटर जुन्या बोर्डावर होता की स्पीकरच्या तारेत, हे बघितल्याशिवाय नवा बोर्ड चालू करू नये. तो बोर्डासोबत कचऱ्यात गेला असेल तर पहिल्याच गाण्याला ट्वीटरमध्ये सगळा बेस शिरतो.